ओसरीसाठी रंगवलेलं जाजम

कोणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कोणी नुकत्याच रानातून येऊन हातपाय धुऊन ओसरीत टेकल्या असाल. आज मला त्या ओसरीबद्दलच बोलायचं आहे. कोकणात तिला पडवी म्हणतात, आमच्याकडे सोपा म्हणतात, विदर्भात छपरी, तर कुठं नुसता ओटा. नाव काही असू दे, घरातली सगळ्यात राबती जागा तीच. आजी दिवसभर तिथं बसते, लेकरू तिथंच रांगायला लागतं, शेंगा फोडायच्या तिथंच, धान्य निवडायचं तिथंच, आणि आपल्या गटाची बैठकही तिथंच भरते.

आता तिथं खाली अंथरायला काय असतं ते आठवून बघा. खताची रिकामी गोणी, नाहीतर निवडणूक झाल्यावर कोणीतरी आणून दिलेला जुना फ्लेक्स. चांगली सतरंजी आत पेटीत घडी घालून ठेवलेली, पाहुण्यांसाठी. घरच्या माणसांच्या वाट्याला गोणी. खताच्या गोणीत खताचा अंश राहतो, तिच्यावर लेकरू रांगतं आणि तोच हात तोंडात घालतं. फ्लेक्स ओला झाला की निसरडा होतो. थंडीत कोबा किंवा शहाबादी फरशी अशी गार पडते की म्हाताऱ्या माणसाचे गुडघे आखडतात.

म्हणून आज सांगते, घरातल्या जुन्या सुती कापडावर रंग चढवून ओसरीचं जाजम कसं करायचं. ते ओल्या फडक्यानं पुसता येतं, दिसायला छान दिसतं आणि खर्च बेताचा. वही-पेन जवळ घ्या, मापं लिहून घ्यायला लागतील.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. जाजम टिकतं ते भारी रंगामुळं नाही, वाळवण्यामुळं. जमिनीवर रंगवलेलं कापड अंथरायची रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात शिडाच्या कापडासारखं जाड कापड मोठ्या चौकटीवर ताणत आणि त्यावर तेलरंगाचे थरावर थर देत. तो रंग वाळायला आठवडे, कधी कधी महिने लागत. १८६०च्या पुढं फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या माणसानं लिनोलियम काढलं आणि ती कापडं हळूहळू मागं पडली. आपल्याला महिने घालवायची गरज नाही, कारण आता पाण्यात कालवायचे रंग मिळतात. तरी प्रत्येक थर पुरता वाळू द्यायचा, हा नियम तोच आहे.

वाळवण आपल्याला कोणी शिकवायला नको. कुरडया, सांडगे, पापड वरून वाळले आणि आतून ओले राहिले तर डब्यात काय होतं ते आपण जाणतो. जाजमाचंही तसंच आहे. फरक एवढाच की पापड कडक उन्हात वाळवतो आणि कसुरी मेथीसाठी पाला सावलीत. जाजम मेथीसारखं वाळवायचं, सावलीत आणि वाऱ्यावर. कडक उन्हात रंग कुंच्यावरच सुकायला लागतो, फटकारे दिसतात आणि वरची साय धरून आत ओल राहते. फेब्रुवारी ते मे हे दिवस या कामाला सगळ्यात चांगले. पावसाळ्यात हात लावू नका.

आता कापड. पहिली पसंती जुन्या सुती सतरंजीला. मध्ये विरली असेल तर धड भाग कापून घ्या. सतरंजी नसेल तर जाड मांजरपाट दुहेरी घ्या आणि गोधडीला घालतो तसा धावदोरा घाला, म्हणजे दोन पदर सरकणार नाहीत. पन्हा कमी पडला तर दोन पाट जोडा, पण शिवण सपाट बसवा. ज्यूटचं पोतं घ्यावंसं वाटेल, पण त्याची वीण विरळ असल्यामुळं ते रंग फार पितं, दारातल्या छोट्या पायपुसण्यापुरतं ठीक. नायलॉनची चटई आणि फ्लेक्स नकोच, गुळगुळीत प्लास्टिकवर पाण्याचा रंग नीट धरत नाही, सालपटं निघतात. खताचं, औषधाचं किंवा औषध चोळलेल्या बियाण्याचं पोतं तर कितीही धुतलं तरी या कामाला घेऊ नका.

माप धरू चार फूट बाय सहा फूट. चार बाया मांडी घालून बसतील एवढं ते होतं. कापड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्यात साबण लावून धुवा. कोऱ्या मांजरपाटात खळ असते, ती गेल्याशिवाय रंग आत मुरत नाही. आणि कापड जे काही आटायचं ते रंग द्यायच्या आधीच आटून जातं. वाळलं की इस्त्री फिरवा, सुरकुती राहिली तर ती कायमची राहते.

मग चौकट. सात-सात फुटांचे दोन आणि पाच-पाच फुटांचे दोन बांबू घेऊन कोपरे सुतळीनं घट्ट बांधा. दाभण आणि सुतळीनं कापड चारी बाजूंनी चौकटीला ताणून शिवून टाका, खाटेची नवार ताणतो तसं. चौकट विटांवर ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल.

आता रंगाचं बोलू, आणि इथं जरा कान देऊन ऐका. घराच्या बाहेरच्या भिंतीला देतात तो पाण्यात कालवायचा रंग घ्यायचा, दुकानात त्याला एक्स्टेरिअर इमल्शन म्हणतात. तो ओल आणि ऊन आतल्या रंगापेक्षा जास्त सोसतो. चार बाय सहाच्या जाजमाला साधारण एक लिटर पांढरा रंग लागतो, सतरंजी जाड असेल तर थोडा जास्त. वेगवेगळ्या रंगांचे डबे घ्यायची गरज नाही. पांढऱ्यात मिसळायच्या रंगाच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्यांना स्टेनर म्हणतात. लाल, निळी किंवा पिवळी, अशा दोन बाटल्या पुरतात. मात्र रंग गडद व्हावा म्हणून स्टेनर भसाभसा ओतू नका. तो जास्त झाला की रंग नीट वाळत नाही आणि पायाला लागत राहतो.

माळ्यावर पडलेला ऑइलपेंटचा जुना डबा या जाजमाला वापरू नका, फुकट असला तरी. पूर्वीच्या अनेक तेलरंगांत शिसं असायचं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला आणि वाढीला बाधतं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. आपल्या देशात २०१६ साली याबद्दल नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा, जास्त असू नये असं बंधन आलं. डब्यावर तसं छापलेलं असावं लागतं. दुकानात डबा फिरवून ते वाचा, वाचता येत नसेल तर पोरीला वाचायला सांगा. छापलेलं नसेल तर डबा परत द्या. ट्रॅक्टर, अवजारं, लोखंडी गेट यांसाठीचा कारखानदारी रंग वेगळा, त्याला हा घरगुती रंगाचा नियम लागू नाही, म्हणून तोही टाळा. भिंत वर्षानुवर्षं कोणी चाटत नाही, पण जाजमावर लेकरू पालथं पडतं, हे लक्षात ठेवा.

कामाला लागू. पहिला हात पांढऱ्या रंगाचा. त्यात थोडं पाणी घालून ताकासारखा पातळ करा आणि कुंचा कापडात चोळून चोळून लावा, रंग विणीत उतरला पाहिजे. हा वाळला की दुसरा हात, न पातळ करता पण पातळच थराचा. वाळला की नाही ते कसं ओळखायचं? हाताची पालथी बाजू टेकवा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे, थांबा. अवतीभवतीच्या वस्तूंइतकंच कोमट लागलं तर पुढचा हात द्या. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, यापेक्षा घाई करू नका. दुसऱ्या दिवशी चौकट उलटी करा आणि मागच्या बाजूला एक हात द्या, म्हणजे खालची ओल कापड ओढून घेणार नाही.

मग कापड चौकटीवरून सोडवा. चारी कडा एक-एक इंच मागं दुमडायच्या. कोपऱ्यात चार पदर एकावर एक येऊन गाठोडं होतं, म्हणून आधी कोपऱ्याचा त्रिकोण कापून टाका. सुताराचा पांढरा गोंद लावून दुमड दाबा, वर पाटा-वरवंटा किंवा विटा ठेवा आणि रात्रभर राहू द्या. पिठाची खळ लावू नका. खळीला पावसाळ्यात बुरशी येते, झुरळं आणि उंदीर काठ कुरतडतात. कड अगदी सपाट बसायला हवी. ओसरीतून काठी टेकत जाणाऱ्या माणसाचा पाय अडकतो तो अशा उचललेल्या कडेतच.

याच वेळी घसरण्याचा बंदोबस्त करा. पंक्चरवाल्याकडं सायकलची फाटकी ट्यूब मिळते. ती उभी चिरा, धुवा, दोन-दोन इंचाच्या पट्ट्या कापा आणि मागच्या दुमडीला चार कोपऱ्यांत आणि लांब बाजूंच्या मध्यावर जाड दोऱ्यानं शिवा. रबर फरशीला धरून ठेवतं. पांढऱ्या टाइलवर काळे डाग पडू शकतात, तिथं पट्टी लहान ठेवा आणि जाजम अधूनमधून उचलून फरशी पुसा. ट्यूब न लावता जाजम गुळगुळीत फरशीवर टाकू नका. घरात म्हातारं माणूस असेल तर हे काम नक्षीच्या आधीचं समजा. म्हातारपणी पडून हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळू शकतं, आणि त्याचं करायला शेवटी आपणच असतो.

आता जमिनीचा रंग, म्हणजे नक्षीच्या मागचा. पातळ थराचे दोन हात. दुसऱ्या हातात एक युक्ती करा. बारीक वाळू धुऊन, खडखडीत वाळवून, पिठाच्या चाळणीनं चाळा आणि वाटीभर रंगाला एक लहान चमचा या प्रमाणात मिसळा. पृष्ठभाग किंचित खरखरीत राहतो, बसायला टोचत नाही, आणि पाय धरून राहतो. पांढरंशुभ्र जाजम करू नका, आपल्याकडच्या धुळीत ते दोन दिवस टिकत नाही. विटकरी, मातकट, गडद निळा असे रंग बरे.

नक्षीसाठी कुठंही जायची गरज नाही, आपल्या पेटीतली लुगडी उघडा. जाजमालाही लुगड्यासारखे काठ असतात. चारी बाजूंनी चार बोटांचा काठ, त्यात नारळी काठाचे त्रिकोण किंवा रुईफुलं, आणि मधला भाग मोकळा किंवा बारीक ठिपक्यांचा. सरळ रेघेसाठी दोरीला खडूची पूड लावून ताणा आणि फटकन सोडा, रेघ उमटते. रेघेला लागून कागदी चिकटपट्टी लावली की काठ सुरेख येतो, पट्टी मात्र रंग थोडा ओला असतानाच काढा. ठशासाठी भेंडी आडवी कापा, तिचं फूल आयतंच असतं. बटाटा अर्धा कापून त्यावर पान कोरा. ठसा रंगात बुडवायचा नाही, स्पंजवर रंग घेऊन त्यावर टेकवायचा आणि आधी वर्तमानपत्रावर एकदा उठवून बघायचा. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर नक्षी कापली तर तो साचा कितीही वेळा वापरता येतो.

एक पथ्य पाळा. लक्ष्मीची पावलं, स्वस्तिक, ओम, तुळशीवृंदावन ही चिन्हं जाजमावर नकोत, त्यावर पाय पडणार. वारली लोकांचा लग्नचौकही नको, त्यात त्यांची पालघट देवी असते आणि तो सवाशिणी भिंतीवर काढतात. दुसऱ्याचं देवघर आपल्या पायाखाली येऊ देऊ नये.

नक्षी झाली की एक पूर्ण दिवस जाजम तसंच राहू द्या. मग वरून पारदर्शक व्हार्निश, तेही पाण्यातलंच घ्या. तेलाचं व्हार्निश पिवळं पडतं, वासानं डोकं धरतं, आणि त्यात घालायचा थिनर पेट घेणारा असतो, चुलीच्या घरात नकोच तो. अर्धा ते पाऊण लिटर लागेल. पातळ तीन हात द्या. पहिला उभा, दुसरा आडवा, तिसरा परत उभा, म्हणजे कुठं जागा सुटत नाही. डबा जोरात हलवू नका, बुडबुडे येतात, काडीनं सावकाश ढवळा. व्हार्निश हाच यातला सगळ्यात महाग भाग, आणि पायांची झीज सोसतो तोही हाच. काटकसर करायची तर नक्षीचा एक रंग कमी करा, व्हार्निशचा हात कमी करू नका.

शेवटचा हात वाळला म्हणून लगेच अंथरू नका. हाताला कोरडं लागलं तरी रंग आतून घट्ट व्हायला वेळ घेतो. एक आठवडा सपाट पसरून ठेवा, वर काही ठेवू नका, पोरांना नाचू देऊ नका. धुण्यापासून मोजलं तर सगळं मिळून पंधरवडा जातो, पण हाताचं काम जेमतेम दीड दिवसाचं, बाकी नुसतं थांबणं. कुंचे धुतलेलं पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा परसातल्या भाजीत ओतू नका, लांब खड्डा करून त्यात टाका.

वापरताना काय सांभाळायचं? रोज झाडायचं, आठवड्यातून ओल्या फडक्यानं पुसायचं, फार मळलं तर साधा साबण. ॲसिड, फिनेल नको. गरम तवा, शेगडी ठेवायची नाही, खाट ओढायची नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीवर टाकत असाल तर रोज रात्री उचला, कारण रंगवलेल्या कापडाखालून जमिनीची ओल वर जायला वाट मिळत नाही आणि बुरशी धरते. पावसाची झड आत येत असेल तर ते चार महिने जाजम गुंडाळून ठेवा. घडी कधीच घालायची नाही, घडीवर रंग तडकतो. रंगीत बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळायचं. आणि प्रत्येक रंग थोडा थोडा लहान बाटलीत घालून ठेवा, पोपडा निघाला तर तेवढाच डागडुजीला येतो. वर्षातून एकदा, वाळवणं घालायच्या दिवसांत, व्हार्निशचा एक हात द्या.

आता पैशाचं. एकटीनं केलं तर स्टेनर आणि व्हार्निश उरतं आणि डब्यात सुकून जातं. तिघी-चौघींनी मिळून मोठा डबा आणला तर प्रत्येकीला स्वस्त पडतं, चौकट एकच लागते आणि ताणायला दुसरे हात मिळतात. गटानं आधी गटाच्या बैठकीसाठीच एक जाजम करावं. पहिल्यावर सगळ्यांचा हात बसतो, मग घरोघरी करा.

एखादीला विकावंसं वाटेल, जरूर विका, पण हिशेब मांडून. समजा, सामानाचे ६०० रुपये झाले. तुमच्या गावात बाईची रोजंदारी समजा ३०० रुपये आहे, तर दीड दिवसाचे ४५०. झाले १०५०. एखादं गिऱ्हाईक म्हणेल, "अहो, जुन्या सतरंजीवर तर रंग दिलाय, चारशे घ्या." चारशेला दिलं तर तुमची मजुरी तर गेलीच, वर पदरचे दोनशेही गेले. घरी बसून केलेल्या कामाची मजुरी धरायची नाही ही सवय आपल्यालाच लागली आहे, ती आपल्यालाच मोडायची आहे. मोठं जाजम परवडत नसेल त्याला दोन फुटांचं पायपुसणं करून द्या, किंमत कमी करू नका, माप कमी करा. आणि विकताना सांगा की हे घडी घालू नका, पावसात ठेवू नका. खरं सांगून विकलेल्या वस्तूचं गिऱ्हाईक परत येतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला दोन गोष्टी करा. आपापल्या ओसरीचं माप घेऊन या, आणि घरात जे रंगाचे डबे पडलेत त्यांच्यावर शिशाबद्दल काय छापलंय ते वाचून या. छापलेलं नसेल तो डबा वेगळा, लेकरांच्या हाताला न लागेल असा ठेवा. जाजम तुम्ही यंदा करा की पुढच्या वर्षी, पण हे दुसरं काम आजच करा. आणि करायचं ठरलंच, तर पेटीतल्या सतरंजीची वाट घरच्या माणसांना बघायला लावू नका. पाहुणे वर्षातून चार वेळा येतात. ओसरीत रोज बसणारी माणसं आपलीच आहेत, चांगलं अंथरूण आधी त्यांना.

इथंच थांबते. नमस्कार.